मोठ्यानं केलेला सौदा

एका टॉवेलाखाली दोन हात.
म्हशीच्या गळ्यातली घंटा, काढून खुंटीला अडकवलेली.
गुलाबानं येणारी शिंक.
बुंदीची कढई, तीन दगडांवर.
फ्लेक्सवर ओळीनं चेहरे. त्यातला मेलेला एकच, आणि तो कोपऱ्यात!

मंडळी, ऐका. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? आत्ता काही नाही. थोडा दम धरा.

आधी प्रश्न. माणूस गेला, की आपण म्हणतो, त्याचा मान राखला पाहिजे. बरोबर? मला एवढंच विचारायचंय, तो मान राखतो कोण आणि फेडतो कोण?

दहाव्याला जमलोय खरं, पण पिंडाच्या कावळ्याकडे बघू नका. तो त्याच्या वेळेला येईल. इकडे बघा!

वडनेरला एक मारुती गुंजाळ होता. बैलबाजारातला दलाल. तुम्हाला माहीत आहे, जुना दलाल भाव तोंडानं सांगत नाही. गिऱ्हाइकाचा हात धरायचा, वर टॉवेल टाकायचा, आत बोटं दाबायची. तोंडानं नुसतं "हूं" अन् "ऊंहूं"! बाजार बघत उभा, आणि आकडा दोघांनाच ठाऊक.

त्याची बायको हौसाबाई. घरी एक म्हैस. दलाली कधी असायची, कधी नसायची. म्हैस रोज असायची. घर चालायचं ते म्हशीवर. आणि मारुतीनं आयुष्यात किती मिळवलं, किती घालवलं, हे हौसाबाईला कधी कळलं नाही. सगळा संसार टॉवेलाखाली! (हसू नका. तुमच्या घरी तरी कुठं वेगळं आहे?)

मारुतीचा धाकटा भाऊ किसन आधी गेला. भावकी जमली. भावकीचे पुढारी नानासाहेब म्हणाले, "आम्ही बघतो!" आणि बघितलंच त्यांनी. वाजंत्रीसकट वैकुंठरथ. तेराव्याला अख्खं गाव, पंगतीवर पंगत, बुंदी. चौकात फ्लेक्स, शोकाकुलांचे फोटो हे एवढाले! आणि सगळं उरकल्यावर मांडववाला, आचारी, किराणावाला पैसे मागायला गेले ते नानासाहेबांकडे नाही. किसनच्या बायकोकडे, ठकूबाईकडे.

ठकूबाईनं म्हैस विकली. सौदा कुणी केला? मारुतीनं. सख्ख्या दिरानं, टॉवेलाखाली! दलाली घेतली नाही, पण दावं त्याच्याच हातानं दुसऱ्याच्या हातात गेलं. घंटा तेवढी ठकूबाईनं काढून घेतली. आज ती दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढते.

पुढं मारुती आजारी पडला. तालुक्याला डॉक्टरकडे गेले दोघं. डॉक्टर त्याच्याशी कमी बोलला, हौसाबाईशी जास्त. मारुती दलाल होता, मंडळी. समोरच्याच्या तोंडावरून भाव ओळखायचा. त्यानं ओळखला.

बाहेर आल्यावर तो एष्टी स्टँडकडे वळलाच नाही. सरळ दिनकरच्या दुकानात. दिनकर म्हणजे तिरडीपासून मडक्यापर्यंत सगळं एका ठिकाणी ठेवणारा.

"या मामा. कुणाचं?"

"माझं."

दिनकर हसला. मग हौसाबाईचा चेहरा बघितला आणि हसायचा थांबला.

"भाव सांग," मारुती म्हणाला.

"मामा, मयताच्या सामानाचा भाव करत नाहीत."

ही आपली रीत, मंडळी! वांग्याला घासाघीस करतो. कोथिंबिरीची जुडी फुकट मागतो. आणि इथं तोंडाला कुलूप. विचारलं, तर मेलेल्याचा अपमान!

मारुती म्हणाला, "घरच्यांनी करायचा नाही. मयतानं केला तर?"

दिनकर डोकं खाजवायला लागला. तुमच्याकडे आहे उत्तर?

मारुतीनं सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढला, दिनकरचा हात धरला आणि टॉवेल वर टाकला. झालं! बोटं सुरू.

तेवढ्यात हौसाबाईनं पुढं होऊन तो टॉवेल ओढून घेतला.

"तोंडानं बोला."

"अगं—"

"तुम्ही तर जाल. पैसे मी द्यायचेत. मला ऐकू आलं पाहिजे."

इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच असं बोलली. आणि मारुतीनं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं सौदा केला. घसा साफ करून!

"कापड?"

"पाच मीटर नेतात सगळे."

"मी केवढा? बघ की. पाच मीटर काय माझ्या म्हशीला?"

"बरं, निम्मं."

"हार?"

"गुलाबाचा, मोठा."

"मला गुलाबानं शिंका येतात. झेंडूचा दे."

"चंदन टाकायचं ना मामा?"

"किती असतं?"

"एक काडी. बाकी बाभळच."

"मग एवढ्या बाभळीत ती एकटी काय करणार? राहू दे."

"रथ? साउंड आहे, भजन लावतो."

इथं हौसाबाई मध्ये पडली. "नगरपालिकेची गाडी नसते का रे?"

दिनकरनं दाराकडं बघितलं. "असते. फोन केला की वडनेरपर्यंत येते."

"पैसे?"

"गाडीला नाही. लाकडांनासुद्धा ग्रामपंचायतीकडून मदत मिळते, दाखला दिला तर."

"मग सांगत का नाहीस लोकांना?"

"मामी, कुणी विचारतच नाही. मी एक आकडा सांगतो, लोक तोंड फिरवून पैसे देतात."

म्हणजे बघा! आपल्याला वाटतं, त्यानं लुटलं. तो म्हणतो, विचारलंच नाही! दोघंही खरं बोलतात.

सौदा झाला. किसनच्या वेळी लागलं होतं, त्याच्या पाव भागात. जाताना मारुती दिनकरला म्हणाला, "सामान चांगलं दे हां. परत आणून देणार नाही मी!"

पुढं तो गेला. सामान ठरल्या भावात आलं, पालिकेची गाडी आली, सगळं नीट झालं. गोष्ट इथं संपायला हवी. पण मारुती एक गोष्ट विसरला होता. दिनकरचा भाव त्यानं केला. भावकीचा करायचा राहिला!

राख सावडून माणसं ओसरीवर बसली. नानासाहेब पुढं सरकले. "वैनी, तुम्ही काळजी करू नका. तेराव्याचं आम्ही बघतो."

हौसाबाईनं गोठ्याकडं बघितलं. म्हैस रवंथ करत होती.

"किती माणसं, भाऊजी?"

"पाचशे तरी."

"पन्नास."

नानासाहेब ताठ झाले. "वैनी, हा काय बाजार आहे का?"

"बाजार तुम्ही मांडलाय. मी नुसता भाव विचारते."

"अहो, इज्जतीचा प्रश्न आहे! चारशे."

मंडळी! सापडला! चारशे म्हणाला! ज्यानं आकडा खाली आणला, त्यानं सौदा सुरू केला. एवढं हौसाबाई दलालाच्या घरात राहून शिकली होती.

"पन्नास," ती म्हणाली.

"किसनचं तेरावं आठवा जरा! लोक अजून नाव काढतात."

ठकूबाई दाराशी बसली होती. हौसाबाईनं विचारलं, "ठकू, काढतात का गं नाव?"

ठकूबाई म्हणाली, "बुंदीचं काढतात."

कुणी हसलं नाही. तुम्हीही हसला नाहीत, बरं वाटलं.

"तीनशे," नानासाहेब म्हणाले. आता आवाजात जोर नव्हता.

"ज्यांनी खांदा दिला, ज्यांनी लाकडं रचली, ते आणि त्यांच्या घरचे जेवतील. भात-आमटी. मी अन् ठकू रांधू. बाकीच्यांनी येऊन बसावं, पाणी प्यावं, दोन शब्द बोलावे. फ्लेक्स नको. ह्यांना गाव ओळखत होतं."

"लोक काय म्हणतील, वैनी?"

"म्हणतील ते मला येऊन सांगा. सकाळ-संध्याकाळ धारेला असते मी."

नानासाहेब उठून गेले. तेराव्याला आले नाहीत. त्यांच्यासोबत आणखी काही घरं आली नाहीत. हौसाबाईला त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? मानाला धक्का न लागता काटकसर होते, असं मी म्हणत नाही. थोडा मान जातोच. म्हैस राहते.

आता तुमच्याकडे वळतो. मघापासून मान हलवताय, पण तुमच्यातल्या किती जणांनी घरी सांगून ठेवलंय, मी गेलो तर काय करा आणि काय करू नका? एकानं तरी? बायको म्हणते, "अभद्र बोलू नका." आपण लगेच गप्प! सोयीचं असतं ना ते. मग एक दिवस ती रडत असते आणि पाहुणे तिच्या नावावर बुंदी पाडत असतात.

आज घरी गेलात की विषय काढा. मोठ्यानं. आकड्यासकट. आणि भावकीत जाऊन "आम्ही बघतो" म्हणणारे जे असाल, तुम्ही आधी खिशात हात घाला आणि मग म्हणा.

यजमान, रागावू नका. माझं पाकीटही या खर्चातच येतं. विचारा, "महाराज, किती?" मी टॉवेल टाकणार नाही.

जाता जाता एवढंच सांगतो, मारुती आणि हौसाबाईचं लग्न देवळाच्या ओसरीवर झालं होतं, आणि वऱ्हाड एका बैलगाडीत मावलं होतं.