चार इंचांचा खड्डा

हजान : हळू बोला, मिस्त्री! पेटीचं फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे.

सुतार : बरं बाबा, हळू. पण प्रार्थना म्हणायला पेटीवर कशाला चढायचं, ते तरी सांगा.

हजान : मी इथला नवा हजान. सगळ्यांच्या पुढे उभं राहून प्रार्थना म्हणणारा. आज सूर्य मावळला की शब्बाथ लागेल, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, आणि प्रार्थनागृहाची कमिटी मला पहिल्यांदा ऐकेल. पसंत पडलो तर नोकरी पक्की. आणि या मेजापाशी उभा राहिलो, की मागच्या बाकांवरून मी दिसतच नाही.

सुतार : अगदीच काही तसं नाही...

हजान : मागच्या गावी एका पोरानं भर प्रार्थनेत विचारलं, ‘बाबा, आवाज कुठून येतोय?’ सगळे खो खो हसले. महिन्याभरात माझ्या हातात नारळ!

सुतार : मग काळजी सोडा. तुम्ही सहा इंची पेटी सांगितलीत, मी दोनच इंची केलीय.

हजान : दोन? तुम्हीही थट्टा करा आता.

सुतार : ऐकून तर घ्या! मेजाशी फरशी चांगली चार इंच खचली होती. कोण्या गवंड्यानं झोपेत काम केलेलं. मी काल फळ्या ठोकून सगळं सपाट करून टाकलं. चार आणि दोन, झाले की सहा.

(दारात मावशी, सगळं ऐकत उभी. जुन्या हजानांची विधवा. प्रार्थनागृहाच्या किल्ल्या तिच्याकडे असतात.)

मावशी : काय सपाट केलंस म्हणालास?

सुतार : खड्डा, मावशी.

मावशी : अरे, खचलेला नव्हता तो! मुद्दाम केलेला होता. देवाला हाक मारायची ती खालून मारायची, म्हणून हजानाची जागा इतरांपेक्षा खोल. शंभर वर्षं जपलेला खड्डा, आणि तू एका दुपारीत बुजवलास?

सुतार : मला काय माहीत? आमच्या धंद्यात खड्डा म्हणजे खड्डा.

मावशी : उखड आधी. सूर्य मावळला की हातोडी चालायची नाही इथे.

हजान : त्यांना बोलू नका, मावशी. देवाचीच इच्छा असेल. नाहीतर त्यांना नेमकं कालच कसं सुचलं?

मावशी : वा रे वा! फळ्या ठोकल्या ती देवाची इच्छा. आणि तुझी उंची? ती काय त्याच्या नजरचुकीनं राहिली?

सुतार : हे मात्र बिनतोड.

हजान : तुम्ही गप्प बसा हो!

मावशी : आम्ही बायका रोज सकाळी म्हणतो, धन्य तो देव, ज्यानं मला त्याच्या मर्जीप्रमाणे घडवलं.

हजान : आम्हा पुरुषांच्या वाटणीला ती ओळच नाही. बाई केलं नाही म्हणून आम्ही आभार मानतो.

मावशी : म्हणूनच पेट्या करून घ्याव्या लागतात.

हजान : तुम्हाला गंमत वाटतेय. घरी बायकोनं अजून ट्रंका उघडलेल्या नाहीत. म्हणते, आधी पसंत पडा, मग भांडी मांडते.

मावशी : बस इथे. आमचे हे होते सव्वासहा फूट. त्या खड्ड्यात उतरले तरी खांबासारखे दिसायचे. मला म्हणायचे, ‘लोक मलाच बघतात गं, प्रार्थना कोण ऐकतंय?’ चाळीस वर्षं गुडघे वाकवून उभे राहिले. शेवटी गुडघेच गेले.

सुतार : खड्डा आणखी खोल करून घ्यायचा की!

मावशी : दोनदा ह्यांनी सुतार बोलावला होता. दोन्ही वेळा मी हाकलला.

हजान : म्हणजे त्यांनाही आपल्या उंचीची लाज...

मावशी : त्यांनाही आणि मलाही. या बाकावर बसले की माझे पाय अजून लोंबकळतात, शाळेतल्या पोरीसारखे. आपलं माप देवानंच घेतलंय रे. त्याच्यापासून काय लपवणार?

हजान : आणि लोक हसले तर?

मावशी : हसतील. मीही हसेन. मग तू सूर लाव.

हजान : ...उखडा, मिस्त्री.

सुतार : चारही इंच?

हजान : चारही. माझं मन फिरायच्या आत!

सुतार : आणि एवढी चांगली पेटी?

मावशी : ती इकडे दे, पायाखाली. हं... टेकले बाई एकदाचे!

सुतार : झालं बघा. शेवटची फळी निघाली. उतरा.

हजान : मावशी, दिसतोय का मी?

मावशी : टोपी दिसतेय. तीही अर्धीच.

हजान : मग संपलंच.

मावशी : म्हण की चार ओळी! कमिटी यायला अजून वेळ आहे.

सुतार : ...अरे बाप रे! एवढा आवाज यांच्यात मावतो कुठे?

मावशी : शू! मध्ये बोलू नकोस.

हजान : ...झालं. मावशी? अहो, डोळ्यांना पदर का लावलाय?

मावशी : काही नाही. घरी जा, बायकोला म्हणावं, भांडी मांडायला घे.

हजान : कमिटीनं अजून ऐकलंय कुठे?

मावशी : मी ऐकलं ना. चाळीस वर्षं या बाकावर बसून मी ह्यांनाच बघत राहिले रे. प्रार्थना आज ऐकली.