राजाचा आवाज

हसू नका बायांनो. आमचे मालक मेंढरं राखणाऱ्या घरातले, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. मिशी बघून पोरं घाबरतात, पण ओवी गायला लागले की आवाज लय बारीक. एकदा यात्रेत कुणीतरी ओरडलं, "ह्याला लुगडं नेसवा!" तेव्हापासनं गाणंच बंद.

मी पाचगणीला शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. तिथल्या गाण्याच्या सरांनी मला एका गोऱ्याचं जुन्या नाटकातलं गाणं मोबाइलवर दिलं. बाईच्याही वर जाणारा आवाज, अंगावर काटाच आला. सुट्टीत घरी लावलं, तर मालक म्हणाले, "कोण बाई रडतीया?"

"बाई न्हाई, बाप्या हाय. दाढी बघा की."

त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी धरला. "खच्ची केलाय व्हय?" मेंढरातला माणूस, दुसरं काय विचारणार!

"पूर्वी पोरांना करायचे म्हणं, आवाज फुटू नये म्हणून. मेल्यांचे हात कसे झडले न्हाईत! ह्यो धडधाकट हाय, मेहनतीनं गातोय. आन् नाटकात राजाचं काम करतोय."

"ह्या आवाजात राजा?"

"व्हय."

त्यांनी तीनदा ऐकलं. सकाळी गोठ्यातनं ओवी ऐकू आली, तशीच बारीक. ऐकता ऐकता माझी भाकरी करपली. मग आत येऊन खाली बघत विचारतात, "कसं झालं?"

मी म्हणाले, "आवं, आता दाढी तेवढी वाढवा."