टेबलाखालचा नळ

—तिथे नका उभे राहू साहेब, तो लाल रंग कपड्यावरून जात नाही. इकडे या. मोठ्या डॉक्टरांची मीटिंग लांबलीय, तोवर मी दाखवतो की. मी? मी इथला मामा. सगळे मामाच म्हणतात. रबराची पोटं शिवायची, रक्ताची टाकी भरायची, पुसायचं. रक्त म्हणजे काय हो — रंग, पाणी आणि थोडा साखरेचा पाक. तर हे पोट. आत ही रक्तवाहिनी, तीही रबराचीच, तिला मी भोक पाडून ठेवतो. डॉक्टर म्हणाले 'सुरू', की मी टेबलाखालचा नळ सोडतो आणि पोट भरायला लागतं. शिकणाऱ्यानं चाचपून वाहिनी शोधायची, भोकाच्या वर दाबायची — बरोबर दाबली की रक्त थांबतं. आधी हे सगळं माणसांवरच शिकायचे, साहेब. जिवंत माणसांवर. मी तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत कामाला होतो, चादरी मीच उचलायचो. म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्या संस्थेचे पैसे थांबले तर ही खोली बंद पडेल, तेवढं होऊ देऊ नका.

हो, पाहिलाय मी तो रिपोर्ट, तुमच्याच संस्थेनं छापलाय ना. चाळीसातले अडतीस पास. डॉक्टरांनी मलासुद्धा मिठी मारली त्या दिवशी — अडतीस! — आता कसं आहे, मी खाली स्टुलावर बसतो, नळाची नळी माझ्या हातात. वर कुणी बरोबर दाबलं की ती ताठ होते, मला लगेच कळतं. वरच्यांना नाही कळत, पोट लालभडक भरलेलं, आत बोट कुठेय ते दिसतंय कुणाला? डॉक्टर घड्याळ बघत असतात. तर एक मुलगी होती, शिकाऊ डॉक्टर, चष्मेवाली, माझ्या धाकटीच्या वयाची. तिसऱ्यांदा नापास व्हायला आलेली. चष्म्याआडून पाणी गळतंय, आणि माझ्या हातातली नळी ढिलीच. मला बघवेना हो. मी नळ फिरवला. हळूच. बंद केला. 'थांबलं!' म्हणून केवढ्यानं ओरडली ती! आता माणसाला दया येते की नाही? येते. एकदाच, म्हटलं. मग दुसरा एक रडवेला झाला, मग तिसरा... किती जणांसाठी? मोजले नाहीत. खोटं कशाला बोलू, मोजलेत. सतरा.

लिहा ना. पेन का थांबवलंत?

परवा — परवा म्हणजे झाले तीन महिने — तीच मुलगी इथे येऊन बसली, तुमच्या मागच्या बाकावर. ऑपरेशनात तिच्या हाताखाली एक बाई गेली होती, दोन लेकरांची आई. हीच रक्तवाहिनी. मोठे डॉक्टर धावत येईपर्यंत सगळं आटोपलं. मला म्हणते, 'मामा, इथे थांबलं होतं ना, मी अगदी तिथेच दाबलं होतं. मग का नाही थांबलं?' मी पाणी दिलं प्यायला. ती गेल्यावर पेला विसळून ठेवला. तिनं ऑपरेशन करणंच सोडलं, तिला वाटतं तिच्या हातालाच यश नाही. माझं पाप आहे ते, साहेब, तिचं नाही. आणि उरलेले सोळा? ते करतायत की. रोज. आज सकाळीसुद्धा दोघांच्या नावावर पेशंट लागलेत, बाहेर फळ्यावर बघा.

हा कागद घ्या. सोळा नावं आहेत. त्यांना परत इथे उभं करा, या वेळी नळ दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. मोठ्या डॉक्टरांना तुम्ही सांगा — मी चारदा त्यांच्या दारापर्यंत गेलो नि माघारी आलो, नोकरीची भीती नाही हो, त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. तुमचं ऐकतील ते. आले वाटतं — हो, त्यांचीच पावलं. घ्या ना पटकन. साहेब? अहो, कागदच आहे, घ्या ना. हात मागे का घेतलात?

बरं. या तुम्ही. मला टाकी भरायचीय.