देवाशी अबोला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर, व्यासपीठावर बसलेल्या सरपंच सुनिताताई, डहाणूहून दवाखाना सोडून आलेले डॉक्टर तुषार, सर्व धर्मभगिनी, पाड्यापाड्यांवरून आलेले माझे बंधू-भगिनी, आणि या उकाड्यात खांद्यावर शाल सांभाळत बसलेल्या आपल्या सिस्टर ब्रिजिता,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मास्तरची पाच मिनिटं हजेरी घेण्यातच जातात, तेव्हा आधीच क्षमा मागून ठेवतो.

मी एकनाथ गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेलो. मी ख्रिस्ती नाही. घरी गणपती बसतो, चैत्रात महालक्ष्मीची जत्रा चुकत नाही. मग सिस्टरांच्या या निरोपाला मला का उभं केलं? सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी, इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त प्रश्न तुम्हीच विचारलेत, तुम्हीच बोला." काय करणार, जित्याची खोड!

आपल्या तलासरी-डहाणूच्या माणसाला भूकंपाच्या त्या दिवसांची आठवण करून द्यावी लागत नाही. पण डॉक्टरसाहेब तेव्हा इथे नव्हते, म्हणून सांगतो. आधी जमिनीखालून गडगड यायची, मग घरातली भांडी वाजायची आणि सगळा पाडा अंगणात धावायचा. पुढे पुढे लोक घरात जाईनासेच झाले, भर थंडीत तंबूत राहू लागले. माझी शाळा मैदानात भरायची. सिस्टरांचा दवाखाना आंब्याखाली आला आणि संध्याकाळची प्रार्थनाही तिथेच होऊ लागली. खोडाला एक लाकडी क्रूस टांगलेला असे. ज्याला यायचं त्याने यावं, कुणाला बोलावणं नव्हतं. भीतीला कुठे जातधर्म असतो? सगळेच यायचे.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सिस्टर, जमीन हलवणारा देवच ना? मग थांबव म्हणून पुन्हा त्यालाच काय सांगायचं?"

दुसरं कुणी रागावलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "मला ठाऊक नाही, गुरुजी. पण आईने मारलं तरी लेकरू आईलाच बिलगतं ना?"

उत्तर मला पटलं नाही. पण "मला ठाऊक नाही" म्हणणारी धर्मातली माणसं मी फार पाहिली नव्हती, म्हणून मी रोज जाऊ लागलो.

आता पुढचं शुक्रीबाईंची परवानगी घेऊन सांगतो. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. एका मोठ्या धक्क्यात त्यांच्या घराची भिंत पडली आणि त्यांचे यजमान देवजी तिच्याखाली सापडले. त्यांना वलसाडच्या इस्पितळात नेलं. शुक्रीबाई धावत सिस्टरांकडे आल्या, म्हणाल्या, "तुझ्या देवाला सांग, माझ्या माणसाला घरी धाड."

सिस्टरांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, देवजीचं नाव घेऊन, अगदी याच शब्दांत. आम्हीही हात जोडले. मीसुद्धा, सगळे प्रश्न बाजूला ठेवून. तरी देवजी वाचले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर शुक्रीबाई एका संध्याकाळी आंब्याखाली आल्या. प्रार्थना चालू होती. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बहिरा हे काय गं तुझा देव?"

त्या दिवशी बाहेरगावचे एक प्रार्थना घेणारे गृहस्थ पाहुणे आले होते. माणूस वाईट नव्हता. समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "बाई, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल."

सिस्टरांना संतापलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. "हिने मागितलं, मी मागितलं, या सगळ्या पाड्याने मागितलं. कुणाचा विश्वास कमी पडला, ते तुम्ही कोणत्या मापाने मोजलंत? जिचा माणूस गेला, तिच्याच डोक्यावर आणखी दोष ठेवता?"

मग सिस्टर शुक्रीबाईंकडे वळल्या. "बोल बाई. काय सांगायचंय ते सांग त्याला."

"मना काय सांगायचा नाय. मी तेच्याशी बोलत नाय, इतकाच सांग."

आणि सिस्टरांनी डोळे मिटून खरोखर तेवढंच सांगितलं. "प्रभू, शुक्री तुझ्याशी बोलत नाही. तिने निरोप दिलाय. मीही आज तुझ्यावर रागावले आहे. पण आम्ही इथेच बसलो आहोत."

मी थक्क झालो. ही कसली प्रार्थना? शुक्रीबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "काय म्हनला?"

"काही नाही म्हणाला," सिस्टर म्हणाल्या.

"मंग मी पन बसतंय," म्हणून शुक्रीबाई खाली बसल्या. क्रूसाकडे पाठ करून.

त्यानंतर त्या रोज यायच्या आणि रोज पाठ करूनच बसायच्या. सिस्टरही प्रार्थनेत न चुकता सांगायच्या, "शुक्री आली आहे, अजून बोलत नाही." पुढे धक्के कमी झाले, लोक घरांत परतले, पण हा क्रम मोडला नाही. शुक्रीबाईंच्या घरी पूजा आजही पाड्याच्या पूर्वापार चालत आलेल्या हिरव्या देवाचीच होते. त्यांनी धर्म बदलावा असं सिस्टरांनी कधी सुचवलं नाही, आणि मी असल्या गोष्टींवर बारीक नजर ठेवणारा माणूस आहे, हे फादरांना चांगलं ठाऊक आहे.

मी मात्र सिस्टरांना छेडलंच. "देवावर रागवायचं, वर त्याला ते सांगायचंही? तुमच्या धर्मात हे चालतं?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या जुन्या प्रार्थनांमध्ये निम्म्या तक्रारीच आहेत. खुद्द येशूने क्रूसावर विचारलं, मला का टाकलंस म्हणून. त्यावर वरून काही उत्तर आलं, असं कुठे लिहिलेलं नाही. दुःख का येतं हे मला सांगता येत नाही. ज्याच्यावर ते येतं त्याच्याजवळ बसता येतं, आणि त्याचं म्हणणं खोटं न करता वर पोचवता येतं. मला एवढंच जमतं."

मंडळी, सिस्टर वसईला का चालल्या आहेत, हे आता लपून राहिलेलं नाही. ही बदली नाही. आजार मोठा आहे, उपचार लांबणार आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांना विचारलं, "स्वतःसाठी काय मागता?" तर म्हणाल्या, "काहीच मागता येत नाही हो. रोज बसते, पण शब्दच येत नाहीत." ते ऐकून मी घरी गेलो आणि जेवलो नाही. दुसऱ्यांचे निरोप पोचवणाऱ्या बाईचा निरोप कुणी पोचवायचा?

परवा आम्ही काही जण दवाखान्यातलं सामान बांधायला गेलो होतो. शुक्रीबाईही आल्या. सिस्टर टेबलाशी बसून औषधाच्या बाटल्या कागदात गुंडाळत होत्या. शुक्रीबाई भिंतीवरच्या क्रूसासमोर जाऊन उभ्या राहिल्या, समोर तोंड करून, आणि बाजारात बोलावं तसं मोठ्याने म्हणाल्या, "मी शुक्री. देवजीची बायको. हिला बोलाया जमत नाय, म्हनून मी आलंय. हिला बरी कर. गोड बोलाया मना येत नाय."

सिस्टरांचे हात थांबले.

बाहेर आल्यावर मी विचारलंच. "शुक्रीबाई, अबोला सोडलात?"

"सोडाया लागला."

"आणि याही वेळी त्याने ऐकलं नाही तर?"

"तं भांडन," त्या म्हणाल्या. "भांडाया आधी बोलाया लागतं ना, गुरुजी?"



फादरांनी दोनदा घड्याळ पाहिलं आहे, तेव्हा आवरतं घेतो. हा समारंभ उभा करणाऱ्या मंडळाचे, सकाळपासून चुलीपाशी असलेल्या भगिनींचे आणि मला एवढा वेळ सोसणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. परक्या धर्माविषयी बोलताना काही उणंअधिक गेलं असेल, तर मास्तरचं अज्ञान समजून पदरात घ्या. आणि सिस्टर, बऱ्या होऊन परत या. नाहीतर शुक्रीबाईंना आवरणं आम्हाला जमणार नाही, आणि खरं सांगतो, आम्ही आवरणारही नाही.