पौषातली सावली

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या साबळखेड सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन आदरणीय मोहनराव. संध्याकाळी मांजरसुंब्याला लग्न गाठायचं असूनही वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे भगवानराव. संचालक मंडळाचे सन्माननीय सदस्य. उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणारे नवे सचिव चिरंजीव उत्तरेश्वर. मंडपात बसलेले ग्रामस्थ बंधू. आणि मंडपाबाहेर टाकीच्या सावलीत घागरी घेऊन बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, सर्वांना या त्रिंबकचा नमस्कार.

आत्तापर्यंत पाच वक्ते माझ्याबद्दल बोलले. इतका चांगला माणूस या गावात एकतीस वर्षं राहत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आपण मला शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. वैशाखात शाल पांघरून बसायला अंगात धमक लागते, ती आता माझ्यात उरलेली नाही, म्हणून मी ती मांडीवर घेतली होती. कृपया गैरसमज नसावा.

मागे नळाची धार पडते आहे, ती आपल्याला ऐकू येत असेल. मला ती बंद करायची नाही. उलट, मी बोलेन तोवर ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे. सव्वातीन झालेत. मला फार वेळ नाही, आणि त्याचं कारण भगवानरावांचं लग्न नाही.

या संस्थेनं काय काय दिवस पाहिले! एका वर्षी पाणी नाही म्हणून आपल्या परळीचं थर्मल वीजकेंद्र बंद पडलं होतं, आठवतं? त्याच उन्हाळ्यात वीज नाही म्हणून आपला पंप बंद होता. पाण्यावाचून वीज नाही आणि विजेवाचून पाणी नाही. मग सांगा, माणसानं कुणाच्या दारात उभं राहायचं? तेव्हा मोहनराव म्हणाले, ‘‘त्रिंबकराव, आपल्याकडं एक गोष्ट फुकट आणि वारेमाप हाय. ऊन.’’ त्यांच्या या एका वाक्यामुळे आपल्या बोअरवर सोलरचा पंप आला. हे श्रेय त्यांचंच आहे आणि ते त्यांना दिलंच पाहिजे.

पुढचं श्रेय मात्र माझं आहे. आजच्या एकाही वक्त्यानं ते मला दिलं नाही, म्हणून मीच घेतो.

प्लेटा कुठं बसवायच्या, हे ठरवायचं काम संस्थेनं माझ्यावर सोपवलं होतं. दीड वर्षापूर्वीचा पौष होता. आपली ही टाकी पश्चिमेला, पंपघर तिच्या पूर्वेला, मध्ये साठ फुटांचं अंतर. टाकी बांधल्यापासून तिच्यात पाण्याचा थेंब पडलेला नाही, हे नवीन माणसाला सांगावं लागतं, आपल्याला नाही. मी पंधरा दिवस सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला चुन्यानं सावलीच्या रेघा ओढल्या. दुपार कलली की टाकीची सावली मारुतीच्या देवळाकडं, म्हणजे ईशान्येला जायची. पंपघराला तिचा स्पर्शसुद्धा होत नव्हता. शाळेच्या पोरांना उभं करून मी त्या रेघा दाखवल्या होत्या. मला किती अभिमान वाटला होता, ते आता सांगवत नाही.

पुण्याहून सोलर योजनेच्या इंजिनीअर बाई आल्या. त्यांनी रेघा पाहिल्या, कौतुक केलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘काका, उन्हाळ्यात ही सावली कुठं जाते?’’

मी म्हणालो, ‘‘बाई, मी इथं तीस वर्षं आहे. सावली उत्तरेच्याच अंगाला जाते. भूगोलाच्या पुस्तकातही तेच आहे.’’

त्यांनी दाखला पुढं केला. ‘सदर जागा वर्षभर सावलीमुक्त आहे.’ मी सही केली, शिक्का मारला आणि शिक्का नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला.

माघात उद्घाटन झालं. दहा प्लेटा पंपघराच्या गच्चीवर चकाकत होत्या, मी फेटा बांधला होता आणि पंप पाच वाजेपर्यंत चालला. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या वाजवायला निम्मं गाव हजर नव्हतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. निम्मं गाव तेव्हा उसाच्या फडात होतं.

चैत्रात ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. आपल्या धोंडीरामची बायको बायनाबाई ट्रकमधून उतरली, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि पंपघराकडं बघत राहिली. मी मोठ्या हौसेनं पुढं झालो. ती म्हणाली, ‘‘आवं भाऊ, हे आरसे आमच्या सावलीत कावून बसिवले?’’

मी हसलो. म्हणालो, ‘‘बायनाबाई, तिथं सावली येत नाही. मी मोजलंय.’’

‘‘न्हाई कशी? आमी रोज बसतो की तिथं. तीन वाजले की घागरी उचलून पंपघराकडं सरकतो. लई गार सावली हाय ती.’’

मंडळी, तिनं कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण चैत्र-वैशाखात सूर्य थेट आपल्या डोक्यावर येतो आणि मावळताना उत्तरेकडं झुकतो. मग टाकीची सावली देवळाकडं जायचं सोडून सरळ पंपघरावर येते. साडेतीनला ती पहिल्या प्लेटेला शिवते. आणि सोलरचं काम कसं असतं? सगळ्या प्लेटा एका माळेत. जुंपलेल्या बैलांतला एक बसला की दुसऱ्याचं काय चालणार? तसंच ते आहे. एका प्लेटेवर सावली आली की धार बारीक होते, दुसरीवर आली की बंद.

बरं, दुपारचं पाणी नसलं तर नसलं, असंही म्हणता येत नाही. उन्हाळ्यात आपलं बोअर सकाळी दोन तासांतच उचक्या द्यायला लागतं. मग त्याला दम खाऊ द्यावा लागतो. तीन वाजेपर्यंत झरे पुन्हा साचतात. बोअरमध्ये पाणी येतं तीनला आणि प्लेटांवर सावली येते साडेतीनला. या अर्ध्या तासात सकाळी उरलेलं गाव पाणी भरतं.

मोहनराव घड्याळाकडं बघताहेत. आटोपतं घेतो, चेअरमनसाहेब. मीही घड्याळाकडंच बघतोय.

आपल्याला वाटेल, मग प्लेटा हलवा की. बोअरच्या दक्षिणेला मोकळी जागा आहे, तिथं बारा महिने ऊन असतं. आपला वायरमन राधाकिशन पान्हे घेऊन गच्चीवर चढलासुद्धा होता. पण चौकटीला हात लावला तर पाच वर्षांची हमी जाते. उद्या पंप जळाला तर हेही पाणी जाईल, असं मोहनराव म्हणाले, आणि ते बरोबरच म्हणाले. मग टाकी पाडा. तर टाकी कागदावर भरलेली आहे, आणि भरलेली टाकी पाडायची परवानगी कोण देणार? शिवाय बायकांची बैठक घेतली, तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘‘लिंबाची झाडं वाळून गेली. टाकी पाडल्यावर बसायचं कुठं?’’ त्यांचंही बरोबरच. या प्रकरणात मला चुकीचं बोलणारं माणूस भेटलंच नाही. एकटा मीच.

मागच्या वैशाखात अशीच साडेतीनला धार थांबली. बायनाबाईची घागर रिकामी होती. ती गायरानातल्या पडक्या विहिरीवर गेली, पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. दिवाळीनंतर टोळी निघाली. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. अर्धा कोयता कुठलाही मुकादम नेत नाही. धोंडीराम गाठोडी बांधून ट्रकपर्यंत गेला आणि गाठोडी घेऊन परत आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती दोघं पौषात गावात राहिली.

आणि आज मला जे सांगायचंय ते इथं आहे. या पौषातल्या एका दुपारी बायनाबाईनं मला हाक मारली. काठी टेकवत ती टाकीखाली उभी होती.

‘‘भाऊ, ही सावली मारुतीकडं कावून चालली?’’

मी म्हणालो, ‘‘थंडीत ती तिकडंच जाते, बायनाबाई.’’

काठी टेकवत ती सावलीच्या कडेपर्यंत गेली. मग म्हणाली, ‘‘मंग तुमचं बी खरंच व्हतं की. मी ही सावली कवाच बघितली न्हाई. ह्या दिवसांत आमी फडात असतो.’’

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर त्या मी घेतल्या असत्या, हिशेब मिटला असता. तिनं मला सोडून दिलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

कारण माझं खरं नव्हतं. ती पौषात गावात नसायची, म्हणून तिला पौषातली सावली माहीत नव्हती. मी मात्र एकतीस वैशाख इथंच होतो, त्या समोरच्या खोलीत. उन्हाळ्यातली सावली माझ्या खिडकीसमोरून रोज पंपघराकडं जायची आणि मी ती पाहिली नाही. मला त्या सावलीत बसायची कधी गरज पडली नाही. माझ्या खोलीत पंखा होता.

प्लेटा हलवायला रीतसर मंजुरी मिळावी म्हणून मी योजनेच्या कार्यालयाला चौदा अर्ज केले. चौदाव्याचं उत्तर गेल्या शुक्रवारी आलं. ते वाचून दाखवतो, छोटंच आहे. ‘सदर जागा वर्षभर सावलीमुक्त असल्याचा संस्थेच्या सचिवांचा सही-शिक्क्यानिशी दाखला या कार्यालयाच्या दप्तरी आहे. सबब आपली विनंती मान्य करता येत नाही.’ सोबत माझ्याच दाखल्याची प्रत जोडली आहे. तिच्यावर दोन शिक्के आहेत. दुसरा फार स्वच्छ उठलाय.

उत्तरेश्वर, तुला उपदेश करायचा मला अधिकार नाही. पंधरावा अर्ज टेबलाच्या डाव्या खणात लिहून ठेवलाय, त्यावर तुझी सही लागेल. आणि गावाच्या नावानं काही ठरवायचं असेल तर टोळ्या परत येईपर्यंत थांब. कार्यालयं पौषातच घाई करतात, तरीही थांब.

भगवानराव, आपली वर ओळख आहे असं लोक म्हणतात. आपल्याला मी काही मागत नाही. फक्त जाताना गाडीत बसण्याआधी एकदा वळून गच्चीकडं बघा, एवढीच विनंती. सावली आत्ता गच्चीच्या कठड्यावर आली आहे.

आता आभार. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडप घालणाऱ्यांचे, आणि माझ्या हाताखाली राहून मला सांभाळून घेणाऱ्या राधाकिशनचे. या गावानं मला एकतीस वर्षं ‘सचिव भाऊ’ म्हटलं, त्यातला ‘सचिव’ आज उतरवून ठेवतो. भाऊ म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला, असं वक्ता शेवटी म्हणतो. मीही आजवर पन्नास वेळा म्हटलं असेन, आणि दर वेळी उगाच म्हटलं. आज माझं बोलण्यात काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय ते त्या गच्चीवर आहे, आणि ते पोटात घाला असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

टाळ्या वाजवू नका, धार ऐकू द्या. बारीक झाली. भाषणाला उभा राहण्याआधी मी घागरी मोजल्या होत्या. बायनाबाई, तुमची सतरावी होती.

थांबली. अकरावी अर्धी भरली आहे.

मी आपला ऋणी आहे.