ताराक्काच्या मक्यातला पिंजरा

मी दस्तगीर. कडेगाव तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमचं गाव हाय. आमचं वडील लोहारकाम करायचं, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची म्हनलं की चार गावची मानसं आमच्या दारात, आन मी भाता वडायचो. फुडं बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आलं, तवा मी सांगलीला जाऊन वेल्डिंग शिकून आलो. ग्रील, शटर, ट्रॉलीच्या फळ्या, समदं करतो. पर आता मला ग्रीलवाला कोन म्हनत न्हाई. पार म्हसवडपातूर मला डुकराच्या पिंजऱ्यावाला म्हनून वळखत्यात. मुसलमानाला हे नाव, काय सांगू तुमाला, पयल्यांदा लय टोचायचं. आता न्हाई टोचत.

रानडुकरं आदी खाली येत नव्हती, डोंगरात असायची. मग पाटाला पानी आलं, ऊस डोंगराच्या पायथ्याला भिडला, आन त्यास्नी राहायला घर गावलं. दिवसभर उसात लोळायचं आन मग मक्यात, भुईमुगात शिरायचं. आवं, खात्यात थोडं आन तुडवत्यात लय, सकाळी बगावं तर रान नांगरल्यावानी. डबं वाजवून मानसं दमली. मग कुनीतरी बांधाला तार लावून तिच्यात करंट सोडला, आन बगता बगता निम्म्या शिवारानं तेच केलं. त्या तारंला लोखंडी खुट्ट्या लागायच्या, वर रबर घातलेल्या. त्या मीच करून दिल्या. हे मी कुनापासनं लपवत न्हाई.

आनंदा माजा दोस्त, शाळंपासनंचा. तो येका सकाळी पान्याची मोटार चालू करायला निगाला, शेजाऱ्यानं मधल्या बांधाला लावलेली तार बंद करायची राहिली हुती, आन तो तिला चिकटला, जागीच गेला. मी पळत गेलो तवा त्याच्या उशाला माजी खुट्टी उभी हुती, माज्या हातचं वेल्डिंग मला कुटंबी वळखू येतंय. तार लावनारा बी गावचाच, आनंदाच्या पंक्तीला जेवलेला. तो रडत बी नव्हता, नुसता बांधावर बसून हुता. कुनाला काय म्हनावं?

ताराक्का म्हंजी आनंदाची बायको. म्हयन्याभरानं ती दुकानात आली. मक्याला कनसं लागली हुती आन डुकरं शिरायला लागली हुती, भावकी म्हनत हुती तू बी तार लाव. ती म्हनली, दस्तगीरदादा, तार मी लावनार न्हाई, आन मका बी सोडनार न्हाई. काय करायचं ते तुमी सांगा. मला तरी काय ठावं? पर मी म्हनलं, करतो कायतरी.

पयला पिंजरा केला चौकोनी, ल्हान, आन तिच्या मक्यात ठिवला. येक डुक्कर घावलं, त्यानं कोपऱ्याला धडका मारून मारून सांधा उखडला आन ते गेलं. बाकीची तिकडं फिरकंनात. आता लोखंडात बापाचं नाव राखनारा मानूस मी, माजा सांधा डुकरानं उखडावा? मी रोज सकाळी उठून त्यांच्या खुरांच्या मागनं हिंडायला लागलो. तवा कळलं, फुडं येक म्हातारी मादी असती, ती जाईल तिकडं समदी. येक धरलं की बाकीची शानी हुत्यात. धरायची तर समदी येकदम.

म्हनून दुसरा केला गोल, घराच्या अंगनायवडा. गोल कशाला, तर धडक माराय कोपराच न्हाई. दार वरनं पडनारं, आन ते पाडनारी दोरी पार आत, खान्याच्या ढिगाखाली. फॉरेस्टच्या हापिसात अर्ज दिला. तितलं सायेब म्हनलं, परवानगी देतो, पर येकबी मारायचं न्हाई, आमी गाडी आनून लांबच्या जंगलात सोडू. मी व्हय म्हनलं. मग डुकरांची भीती मोडावी म्हनून पंधरा दिवस दोरी बांधलीच न्हाई, दार उघडं ठिवून नुसता आंबवलेला मका आन गुळाचं पानी. लोक हसायची, दस्तगीर डुकरांची पंगत घालतोय म्हनून.

आमच्यातली बी कुजबुजली. बायको म्हनली, येकदा मौलानांना इचारा. गेलो, खुट्टीपासनं समदं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आन म्हनलं, तुजा हात लोखंडाला लागतोय, जनावराला न्हाई, आन त्यात मानसाचा जीव वाचतोय. जा, नीट काम कर. तरी घरात शिरताना बायको आंगोळीला पानी काढून ठिवायची, हां. ते आजून ठिवती.

सोळाव्या दिवशी दोरी बांधली. सकाळी ताराक्काचा फोन, दादा या. जाऊन बगतो तर अकरा! म्हातारी मादी, पिल्लं, समदी. जाळीला धडका मारत हुती आन जाळी नुसती गुनगुनत हुती, येक सांधा हलला न्हाई. आवं, माजी छाती अशी फुगली. पर तवर गाव गोळा झालं, कुऱ्हाडी, भालं घिऊन. कुनाचा भुईमूग गेलेला, कुनाचा ऊस, राग खोटा नव्हता. मी दारात उभा राहिलो, म्हनलं सायबांना शबूद दिलाय. कोन ऐकंना. मला बाजूला वडलं. तवा ताराक्का फुडं आली, डोक्यावरचा पदर सारका करून म्हनली, ह्या रानात येक मरान झालंय. दुसरं मी हू देनार न्हाई.

उगारलेल्या कुऱ्हाडी लोकांनी खाली ठिवल्या. फॉरेस्टची गाडी येस्तवर दोन तास समदं गाव बांधावर बसून हुतं.

त्या साली तिचा मका घरात आला. आन दिवाळीच्या आदी, ज्यानं तार लावली हुती त्यानं सोता ती गुंडाळून माज्या दुकानात आनून टाकली, म्हनला, आमच्या बांधाला बी पिंजरा द्या. मग शेजारच्या गावानं मागितला, मग मान तालुक्यानं. आता किती केलं ते मी मोजत न्हाई. कवा कवा पिंजरं चुकत्यात बी, येकांदी मादी लय वस्ताद असती, म्हयना म्हयना दारात इवून माघारी जाती. डुकरं संपनार न्हाईत आन ती संपावीत असं बी मला वाटत न्हाई. त्यास्नी बी अल्लानंच पोट दिलंय.

माजं गुडगं आता गेल्यात, वाकून वेल्डिंग हुईना. पर आमच्या डोंगराच्या बाजूला येकबी तार राहिली न्हाई. पहाटं तुमी कवाबी या, बायामानसं मोटरंला जात्यात, बोलत जात्यात, पायाखाली कोन बगत न्हाई. अल्ला समद्यांना असंच चालतं ठिवू दे.