तक्रार न्हाई, म्याडम!

हसू नगा गड्यांनो, दाढ भरून घेतल्यावर आठ दिस माझं काय झालं ते आधी ऐका.

मिरजंला किडलेल्या दाढंत सिमेंट भरलं. डॉक्टरीणबाईंनी निळा कागद चावायला लावला आन् विचारलं, "उंच लागतंय का? काही त्रास?"

मी ताठ बसून म्हटलं, "न्हाई, म्याडम!"

घरी आलो, तर भाकरीचा घास त्या अंगाला गेला की पार कानापतुर कळ. आठ दिस एकाच बाजूनं चावत हुतो. बायको म्हणाली, "आवं, बाईंनी इचारलं तवा सांगायचं न्हाई व्हय?"

"अगं, अठरा वर्षं फौजेत काढली. साहेबानं तक्रार इचारली की तोंडातनं 'न्हाई'च निघतं."

दुसऱ्या खेपेला ती संगं आली. बाईंनी उंच राहिलेलं सिमेंट जरा घासलं. "आता?"

"एकदम ठीक, म्याडम!"

"ह्यास्नी इचारू नगा," म्हणत बायकोनं पिशवीतनं सोललेल्या उसाचा तुकडा काढला. "चावा."

चावला आन् खुर्चीतनं उडालोच! बाईंनी हसत हसत परत घासलं. दुसरा तुकडा चावला, तर कळ न्हाई, नुसता रस. लय गोड लागला!

निघताना बाईंनी मला काय इचारलंच न्हाई. बायकोकडं बघून म्हणाल्या, "वहिनी, आता काही तक्रार?"

ती म्हणाली, "दाढंची न्हाई."